कॉलरच्या आतला ळ

आमचे जावईबापू वकील आहेत. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आणि साधेसुधे नव्हेत, ट्रेडमार्कचे. म्हणजे कुठलं नाव कुणाच्या मालकीचं, यावरून भांडणारे. भांडायचा पगार मिळतो हे मला आधी कळलं असतं, तर मी लॉन्ड्री कशाला चालवत बसले असते?

ते कपडे धुण्याची पावडर करणाऱ्या कंपनीत आहेत. कंपनीचं नाव चांगलं 'धवलधारा' होतं. पण मोठ्या साहेबांना लहर आली की जुनं नाव टाकायचं आणि नुसतं एक अक्षर ठेवायचं. कुठलं, तर ळ! त्याने कुठलाच शब्द सुरू होत नाही, म्हणजे ते कुणी घेतलेलं नसणार, हा हिशेब. जावईबापूंनी सगळ्या कचेऱ्या पालथ्या घातल्या, बाजार धुंडाळला आणि साहेबांना सांगून टाकलं, "ळ मोकळा आहे."

मोकळा म्हणे! अहो, माझ्या दुकानात तो सासऱ्यांच्या काळापासून राबतोय.

त्याचं असं आहे. कपडा आला की आम्ही कॉलरच्या आत, कधीच न जाणाऱ्या शाईने, गिऱ्हाइकाच्या नावाचं पहिलं अक्षर घालतो. आणि कपड्यावर न निघणारा डाग असेल, तर शेजारी ळ. नंतर कुणी "हा डाग तुम्हीच पाडलात" म्हणून गळा काढला, की कॉलर उलटून दाखवायची. ळ वरून कुणाचं नाव नसतं, त्यामुळे घोळ होत नाही. सासऱ्यांचं बघून गावातल्या झाडून सगळ्या लॉन्ड्र्यांनी ती खूण उचलली.

पलीकडच्या आळीतल्या लॉन्ड्रीवाल्याने हरकत घेतली, तेव्हा कुठे जावईबापूंना हे कळलं. आले ते तोंड पाडून, हातात कागद घेऊन.

"आई, सही करा. लॉन्ड्रीवाल्यांनी ळ सोडला असं लिहून दिलं, तरच अर्ज पुढे सरकेल. एका अक्षरावर हक्क मिळवणं आधीच महाकठीण, त्यात तुमचा वापर आमच्या आधीचा. बाकीचे म्हणतात, आधी तुमची सही."

"आणि नाही केली तर?"

"साहेब दुसरा वकील बघतील. माझी नोकरी गेलीच समजा."

आत लेक इस्त्री करत होती. तिचा हात थांबला. सही केली तर उद्यापासून गावाच्या डागांचं पाप माझ्या माथी, नाही केली तर लेकीच्या संसारावर पाणी. इकडे आड, तिकडे विहीर! जावयाचा असा राग आला, की लाटण्यानेच... पण जाऊ दे.

"साहेबांनाच घेऊन या," मी म्हटलं. "सही त्यांच्यासमोर करते."

साहेब आले. मी स्टूल पुसून दिलं.

"बाई, आमचा ळ म्हणजे स्वच्छता," ते म्हणाले. "तुम्ही लोक तो नेमका कशासाठी वापरता?"

मी जावईबापूंकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. म्हणजे हे सांगायची छातीच झाली नव्हती त्यांची! मी फळीवरचे कपडे काढले आणि एकेक कॉलर उलटली. "हा ळ गंजाचा. हा शाईचा. हा डांबराचा."

"म्हणजे?"

"म्हणजे डाग निघत नाही, साहेब."

साहेब पांढरे पडले. "सगळीकडे?"

"घरोघरी. मी सही करते हो, पण लोकांच्या कपाटातले कपडे कोण पुसणार? बघा तुमची पावडर लावून."

तर साहेबांनी खरंच बाह्या सरसावल्या! मोरीपाशी बसून शर्ट घास घास घासला. फेस छान आला. डाग तसाच राहिला आणि ळ पण तसाच.

मग ते जावईबापूंवर उखडले. "वकील, गावभर लोकांच्या मानेवर हे अक्षर आहे आणि तुम्हाला दिसलं नाही?"

जावईबापूंना दरदरून घाम फुटला. त्यांचा हात वरच्या बटणाकडे गेला आणि मला एकदम आठवलं. अहो, यांचं पेन खिशात गळतं आणि लग्नापासून यांचे शर्ट माझ्याकडेच येतात! काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मी धावले. त्यांची कॉलर नीट केली आणि बटण गळ्यापर्यंत लावून टाकलं. "घामात वारं लागेल हो. आणि साहेब, यांनीच तुम्हाला इथं आणलं, म्हणून पुडे बाजारात जायच्या आधी कळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी कुणाला बोलत नाही. पण जुनं नाव परत लावायचं काम यांच्याच हातून होऊ द्या."

साहेबांनी ओले हात झटकले. "धवलधारा काही वाईट नव्हतं."

"मुळीच नव्हतं."

"वकील, उद्या लवकर या," म्हणून ते गेले.

जावईबापू गळा आवळलेले तसेच उभे. "आई, कॉलरचं काय होतं?" मग स्वतःच आरशापुढे गेले, कॉलर उलटली आणि कानापर्यंत लाल झाले. "सगळ्या शर्टांवर?"

"लग्नातल्या कोटासकट," आतून लेक म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.