चार बोटं छप्पर

आपल्या जुन्या गाडीला ठेंगणा, ऐटदार आकार द्यायला तिचं छप्पर कापून खाली घेताना मिस्त्रीने माप घेतलं ते नुसत्या पत्र्यावर बसून. गादीचा हिशेब राहूनच गेला! जन्मभर गाड्या कापणाऱ्या माणसाने इतका गाढवपणा करावा? बायकोने शिवलेली जाडजूड गादी बसवली आणि त्याचं डोकं धाडकन छपराला आपटलं. बायकोची हसून हसून मुरकुंडी वळली.

"गादी बारीक कर," तो खेकसला.

"मुळीच नाही. रोज कंबर धरून घरी येता, शेकायला मीच. छप्पर वर घ्या."

"रंगसुद्धा झालाय!"

दोघंही हट्टाला पेटली. गाडी तशीच उभी राहिली आणि तापाचं निमित्त होऊन बायको गेली.

आज गाड्यांच्या मेळाव्याला तो ती गाडी घेऊन आला, मान वाकडी करून.

"अरे, गादीतला चार बोटं फोम काढ की," मित्र म्हणाला.

"तिची शिवण उसवू?"

"मग छप्पर वर घे."

"तेव्हाच घ्यायला हवं होतं रे."

परत निघताना तो पुन्हा मान वाकवून आत बसला. शेजारच्या रिकाम्या गादीवरून त्याने हात फिरवला.

"कंबर नाही दुखली गं," तो हळूच म्हणाला.