पाम फाट्यावरचा लोखंडी माणूस

मी बोईसरजवळच्या पाम गावाच्या फाट्यावर उभा असलेला लोखंडी माणूस बोलतोय. माणूस म्हणायचं इतकंच. माझी छाती रस्त्याच्या वाकलेल्या कठड्याची, डोकं कारखान्यातल्या पिवळ्या हेल्मेटचं आणि पाय पाण्याच्या जुन्या पाइपांचे. हातातली सायकल मात्र जवळजवळ पूर्ण आहे.

दीपिका मॅडम इथल्या शाळेत चित्रकला शिकवतात. टाकून दिलेल्या वस्तूंतून कामगाराचा पुतळा करायचं त्यांनी मनावर घेतलं. त्या दोन महिने बोईसरच्या भंगारवाल्यांकडे फिरल्या. झुंबर वेल्डरने मला जोडलं. सव्वीस जानेवारीला मला हार घातला, लोकांनी फोटो काढले. खाली पाटी होती, ‘प्रगतीचा शिल्पकार’. मलाही अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी झुंबर माझे बोल्ट आवळत होता, मॅडम शेजारी उभ्या होत्या. डबा घेऊन चाललेली एक बाई थांबली. सायकलच्या कॅरिअरला निळ्या वायरचे वेढे होते. त्यांवरून तिनं बोट फिरवलं आणि डबा खाली ठेवला.

“ही आमच्या ह्यांची सायकल हाय,” ती म्हणाली. “वायर मीच बांधली होती. डबा पडायचा.”

ती रखमा. तिचा नवरा चंद्रभान बीडकडून इथं कामाला आला होता. त्याआधीच्या पावसाळ्यात पहिल्या पाळीला जाताना याच फाट्यावर तो टँकरखाली गेला. घरात सायकलीकडे कुणाला बघवेना, म्हणून दिराने ती भंगारात दिली.

मॅडमचा चेहरा उतरला. “मी कुणाला विचारलंच नाही हो, ही कुणाची म्हणून.”

झुंबरने कटर उचलला. “वैनी, आत्ता काढून देतो.”

रखमाने कॅरिअरवर हात ठेवला. मग म्हणाली, “नेऊन कुठं ठेवू? राहू द्या हितंच. पण पाटीवर त्यांचं नाव न्हाई. ते लिहा.”

त्याच संध्याकाळी मॅडमनी पाटीवरची जुनी अक्षरं खरवडून काढली आणि चंद्रभानचं नाव लिहिलं.

आठवड्याने चिंचणीहून कृष्णकांत नावाचे, बागायतीची वाडी असलेले आजोबा आले. टोपी हातात घेऊन म्हणाले, “माझी नात मेघाली पण इथंच गेली. तिचं नाव टाकाल काय?” मग लोक येतच राहिले. आज माझ्या पाटीवर नऊ नावं आहेत. ती वाचायला काही ड्रायव्हर वेग कमी करतात. बरेच जण करत नाहीत.

आता रस्ता रुंद होणार आहे. मला कोळगावच्या बागेत न्यायचं म्हणतात. गंज चढलाय, रंग उडालाय, त्याचं मला काही नाही. हलवायचं तर हलवा. पण कारंज्याशेजारी शोभेला ठेवू नका. गाड्या धावतात तिथंच, रस्त्याकडे तोंड करून उभं करा. पाटीवर आता एकाच नावापुरती जागा उरली आहे. ती तशीच कोरी राहू द्या.