पानी हाय

विद्यापीठाच्या डिजिटल इंजिनिअरिंग लॅबमधल्या इंटर्नशिपच्या मुलाखतीसाठी मी तीन आठवडे आरशासमोर उभी राहून 'आहे' म्हणत होते. तिसगावात जन्मलेल्या माणसाला ते सोपं नाही, जीभ आपोआप 'हाय'वर घसरते. पण जागा एकच, दरमहा विद्यावेतन, आणि मुलाखतीला पुण्याकडची पोरं. मी जिभेला वळण लावलं आणि त्या नादात घरालाही लावलं. रविवारी आईचा फोन आला की तिचं प्रत्येक 'न्हाई' मी 'नाही' करून तिला परत करायचे.

निवड झाली. लॅबचे प्रमुख मार्तंड सर शेतकऱ्यांसाठी एक बोलतं यंत्र करत होते. फोनवर सांगायचं, विहिरीत पाणी आहे, की मोटर आपोआप सुरू. यंत्राला मराठी शिकवायला कुणाच्या तरी आवाजात तीनशे वाक्यं हवी होती. ती मी अशी म्हटली की बातम्या वाचणारीनं मान खाली घालावी.

सर खूश झाले. "अश्विनी, तू तिसगावची आहेस असं वाटतच नाही."

मी दोन दिवस हवेत होते.

इंटर्नशिपचे सहा महिने संपत आले. मुदतवाढ मिळणार की नाही, ते प्रात्यक्षिकावर ठरणार होतं. नाही मिळाली तर होस्टेल सोडायचं आणि रोज एसटीनं ये-जा करायची. हौसेनं मीच म्हटलं, प्रात्यक्षिक आमच्या विहिरीवर करू. सर आले, दोन पाहुणे आले, अर्धी वस्ती जमली. माझे वडील काकासाहेब, म्हणजे आमचे दादा, यांनी इस्त्रीचा सदरा घालून फोन तोंडाशी धरला.

"हिरीत पानी हाय."

"हाय!" यंत्र माझ्याच आवाजात म्हणालं. "मी आपली काय मदत करू?"

दादा गोंधळले. पण समोरच्यानं विचारपूस केली तर उत्तर देणं आलं. "राम राम. पानी हाय म्हनलं."

"हाय! मी आपली काय मदत करू?"

"हिला ऐकू येत न्हाई व्हय?" दादांनी मलाच विचारलं. वस्ती पोट धरून हसली. मोटर ढिम्म.

यंत्राला एकच 'हाय' ठाऊक होतं, इंग्रजीतलं. माझ्या तीनशे वाक्यांत दुसरं नव्हतंच.

परतताना गाडीत सर म्हणाले, "तुला घेतलं कशासाठी? शुद्ध बोलणारी पुण्याची चार पोरं होती की. मला तिसगावची बोली हवी होती."

"सर, तुम्हीच म्हणाला होतात..."

"म्हणालो असेन. सोमवारपर्यंत सगळी वाक्यं गावच्या बोलीत दे. मग मुदतवाढीचं बघू."

राग आला, पण गिळला. रविवारी माइकसमोर बसले. "हिरीत पानी हाय." ऐकून पाहिलं, तर गॅदरिंगच्या नाटकातली मोलकरीण. दहादा म्हटलं, दहाही वेळा तीच बाई. शेवटी रेकॉर्डिंग चालू ठेवून आईला फोन लावला. माझ्या आईला, बनुबाईला, ही बोली शिकवायची गरज नव्हती.

"आई, सरांना तुझा आवाज हवाय. विहिरीत पाणी असलं तर तू काय म्हणशील?"

मग घसा खाकरून, एकेक अक्षर सांभाळत ती म्हणाली, "विहिरीत पाणी आहे."

"तसं नको गं. घरी बोलतेस तसं."

"आता घरी पण असंच बोलते. फोनवर तुझ्याजवळ कुणी असलं, तर तुला लाज नको. तुझ्या दादांना पण शिकवते, पण त्यांच्या डोक्यात शिरत नाही."

मला माझीच लाज वाटली.

"बरोबर म्हटलं ना?" तिनं विचारलं.

"बरोबर हाय, आई."

"'आहे' म्हण, पोरी," ती घाईनं कुजबुजली. "सर ऐकतील."