दोन रेघांचा फरक

तिसऱ्यांदाही आकडा अठरा पूर्णांक चार आला. मॅडमनी ब्युरेटच्या उभ्या मोजनळीची तोटी बंद केली, फिकट गुलाबी झालेलं शंकुपात्र खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं आणि टेबलावरचा लिफाफा पुन्हा उघडला. आतल्या चिठ्ठीवर निळ्या शाईत १८.२ लिहिलेलं होतं.

“बघा! तुम्हालाही अठरा-चारच आले,” समोरची मुलगी म्हणाली. जाड चष्म्यामुळे सगळा वर्ग तिला भिंग म्हणायचा. “मग मला दहापैकी चार मार्क का?”

शाळा टेक्निकल होती. खालच्या मजल्यावर लेथ यंत्रांची घरघर आणि सुतारकाम, वर विज्ञानाच्या तीन खोल्या. दर प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेचे परिचर द्रावणं तयार करत, स्वतः एकदा प्रयोग करून पाहत आणि आलेला आकडा लिफाफ्यात घालून शिक्षकांच्या टेबलावर ठेवत. मुलांचे आकडे त्याच्याशी ताडायचे. मॅडम दोन महिन्यांपूर्वी इथे लागल्या तेव्हाच त्यांना सांगितलं गेलं होतं, मामांचा हात म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. परिचरांना सगळे मामा म्हणत.

“बाकीच्यांचे आकडे कसे जुळले?”

“त्यांनाही अठरा-चारच येतात. दोन रेघा कमी करून अठरा-दोन लिहितात. अख्ख्या शाळेला माहितीये, मामा दोन रेघा खातात म्हणून.”

“आणि तू?”

“मला जे आलं ते मी लिहिलं.” भिंगनं नाक ओढलं. “शुक्रवारी विषयाचा फॉर्म द्यायचाय. बाबा म्हणतात, केमिस्ट्री सोड, इलेक्ट्रॉनिक्स घे. तुझा हात नेमका नाही.”

“शुक्रवारपर्यंत थांब,” मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तासभर आधी आल्या. प्रयोगशाळेच्या दाराला वर काचेची पट्टी होती. आत, कोपऱ्यातल्या आठ नंबरच्या टेबलापाशी मामा ब्युरेट भरत होते. मामा चांगले उंच, दारातून येतानाही मान झुकवणारे. ब्युरेट भरून झाल्यावर त्यांनी एक हात कपाटावर टेकला आणि सावकाश गुडघे वाकवले. कपाटाच्या कडेला पेन्सिलीची एक रेघ होती. डोळे तिच्या पातळीला आल्यावर ते थांबले आणि मान वर करून त्यांनी शून्याची खूण पाहिली.

मॅडम आत आल्या तरी ते दचकले नाहीत.

“मामा, खालून बघितलं की शून्याच्या वर दोन रेघा जास्त भरलं जातं. शेवटचा आकडा तेवढाच कमी येतो.”

“माहितीये.”

“मग?”

मामांनी फडक्यानं टेबल पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं.

“ही रेघ कुणाची, मामा?”

“माझ्या पोरीची. इथंच शिकायची. आठ नंबरला. उंचीनं बेताची होती.” फडकं त्यांनी चौकोनी घडी घालून ठेवलं. “शेवटच्या परीक्षेला अठरा-दोन लिहिलं तिनं. बाहेरून आलेले सर म्हणाले, बेफिकीर आहे ही. घरी येऊन रोज विचारायची, बाबा, माझं चुकलं कुठं? मला तेव्हा नुसत्या बाटल्या धुता यायच्या. काय सांगणार?”

मॅडम त्या रेघेजवळ गेल्या.

“त्याच उन्हाळ्यात तापानं गेली. चार दिवसांत. मग तिच्या वहीवरून शिकलो हे सगळं. तिच्या उंचीवरून बघितलं की अठरा-दोनच येतात, मॅडम. अकरा वर्षं झाली, दरवेळी तेच. तिनं खोटं लिहिलं नव्हतं. आता सगळे आपला आकडा तिच्या आकड्याशी जुळवून बघतात.”

ते मोरीकडे वळले आणि त्यांनी नळ सोडला.

मॅडमनी कपाटावर हात टेकला. ज्या जागी कित्येक वर्षं मामांचा तळवा टेकत आला होता, तिथला रंग उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं. त्यांनी गुडघे वाकवले. डोळे पेन्सिलीच्या रेघेला भिडले तसं दोन रेघा वर असलेलं द्रावण बरोबर शून्यावर येऊन बसलं. कुणीही शपथेवर शून्यच सांगितलं असतं. हलू नये म्हणून त्यांनी श्वास रोखला होता. तरी समोरच्या ब्युरेटच्या काचेवर बोटभर वाफ धरली आणि हळूहळू विरली. मामा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पाठमोरे होते.

मॅडम उठल्या.

“ती चुकली नव्हती, मामा. तिचा हात पोचत होता, डोळे पोचत नव्हते. पायाखाली काहीतरी द्यायला हवं होतं तिला.”

पाणी वाहत राहिलं.

“पण भिंगही चुकलेली नाही. तिच्या बापालाही वाटतंय, पोरीचा हात नेमका नाही.”

त्या दिवशी दुपारभर खालून रंध्याचा आवाज येत होता. सुतारकामाचा तास नसताना.

शुक्रवारी सकाळी लिफाफा नेहमीच्या जागी होता. मॅडमनी तो फोडला. त्याच निळ्या शाईत, त्याच वळणाचा आकडा: १८.४. त्यांनी भिंगच्या वहीतले चार मार्क खोडून दहा केले, शेजारी सही केली.

भिंग फॉर्म हातात घेऊनच आली. वही पाहून तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि टेबलावर वाकून फॉर्मवर विषय लिहिला. मग दप्तर सावरत ती कोपऱ्याकडे निघाली.

आठ नंबरपाशी एक पाट होता. वीतभर उंच, ताज्या लाकडाच्या वासाचा, कडा घासून बोथट केलेला.

“तिथं नको गं,” मोरीपासून मामा म्हणाले. “सात नंबर घे.”

भिंग सातवर गेली. मॅडम चिठ्ठी हातात धरून मामांजवळ आल्या.

“आज कसं बघितलंत, मामा?”

मामांनी धुतलेलं पात्र खुंटीला उलटं अडकवलं. ते निथळेपर्यंत पाहत राहिले.

“पोचते आता,” ते म्हणाले.