अख्खा पाव

बाविसावा पाव करपला तेव्हा काकूंनी तो ताटलीत घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि सगळीकडून फिरवून पाहिला. एक बाजू कोळसा, दुसरी पांढरीफटक. मधून कापला तर आत नुसता कच्चा लगदा, सुरीला चिकटून येणारा.

"ओव्हनच भिकार आहे," उस्ताद म्हणाले. "माणसाने करायचं तरी काय?"

काकूंनी करपलेली बाजू स्वतःच्या ताटलीत घेतली, कारण एक्केचाळीस वर्षं ती त्याच घेत आल्या होत्या. पहिला घास चावला मात्र, त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

उस्ताद म्हणजे काकूंचे यजमान. शहरातल्या सगळ्यात मोठ्या बेकरीची भट्टी त्यांनी एवढी वर्षं सांभाळली, आणि तिथल्या पोरांनी लावलेलं हे नाव पुढे व्याह्यांपर्यंत पोचलं. भट्टी विटांची होती, आत माणूस आडवा झोपेल एवढी. तिची आच बघायला उस्तादांना काटा-बिटा लागत नसे. उघडा हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि मनात आकडे मोजायचे. कितव्या आकड्याला चटका बसतो त्यावरून काय भाजायचं ते ठरे. लांबून लोक ते बघायला येत. काकूंनीही एकदा पाहिलं होतं आणि आठवडाभर छाती फुगवून हिंडल्या होत्या.

पण घरी काय यायचं? बेकरीचा नियम होता, अख्खा माल दुकानात आणि फुटका, वाकडा, करपलेला कामगारांच्या पिशवीत. बाकीचे कामगार अधूनमधून एखादा चांगला पाव पिशवीत सरकवत, मालकही तिकडे कानाडोळा करी. उस्तादांनी मात्र तो नियम असा पाळला की मालकालाच लाज वाटावी. रोज सकाळी ते टेबलावर पिशवी ठेवत आणि विचारत, "कसा झालाय?" काकू खरवडून खरवडून चहाबरोबर खात आणि म्हणत, "छान." मुलगी तर सात वर्षांची होईपर्यंत असंच समजत होती की पाव खालून काळाच असतो. मैत्रिणीकडे पहिल्यांदा नीट पाव पाहिला तेव्हा ती घरी येऊन म्हणाली, "आई, त्यांच्याकडे कच्चाच खातात गं." उस्ताद खो खो हसले. काकूही हसल्या. त्या हसण्याची आठवण झाली की आता त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटे.

आणि मग तो निरोपसमारंभ. उस्तादांच्या गळ्यात हार, हातात माईक, समोर दीडशे माणसं. "उभा जन्म लोकांसाठी भाजलं," ते म्हणाले, "आता पहिला पाव घरचा. अख्खा, गरम, चहूकडून सारखा भाजलेला. माझ्या हातातून थेट हिच्या हातात." टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत काकू पदराने डोळे पुसत होत्या. त्यांनी जन्मात काही मागितलं नव्हतं, आणि हे तर न मागता मिळत होतं.

त्याला चार महिने झाले होते. दोघांनी ठरवल्याप्रमाणे घर आवरलं, मुलीच्या पसंतीने ही कॅम्पर गाडी घेतली आणि फिरत फिरत तळ्याकाठच्या या मैदानावर येऊन थांबले. इथे अशाच वीस-बावीस गाड्या उभ्या होत्या. पाण्याचा नळ, सामायिक न्हाणीघरं, खडीचा रस्ता, सगळं छान होतं. गाडीत पलंग होता, टेबल होतं, शेगडी होती आणि शेगडीखाली ओव्हन होता. पावाचा एक साचा आत गेला की वर चार बोटं जागा उरे, एवढाच.

या चिमुकल्या ओव्हनला एकच ज्योत, तीही मागच्या बाजूला. दार म्हणजे पत्र्याचा तुकडा. विटांच्या भट्टीचं तोंड दिवसभर उघडं राहिलं तरी तिला फरक पडत नसे, कारण विटा आच धरून ठेवत. इथे दार उघडलं की सगळी ऊब एका क्षणात खिडकीतून तळ्यावर. आणि उस्ताद दर चार मिनिटांनी दार उघडत. वाकत, हात आत घालत, आकडे मोजत. सवयीने साचा थेट मागच्या भिंतीला नेऊन टेकवत, कारण त्यांच्या भट्टीत मागची जागा सगळ्यात चांगली असे. इथे तिथेच जाळ होता.

काकूंना हे तिसऱ्याच पावाला कळलं होतं. त्यांनी एकदा नव्हे, दहादा सांगून पाहिलं.

"अहो, दार सारखं उघडू नका ना. आणि साचा जरा पुढे घ्या."

"तू मला भाजायला शिकवणार?" उस्ताद म्हणाले आणि हसले. चिडले असते तरी चाललं असतं. हसले, तेच काकूंच्या डोक्यात गेलं. बरं, स्वतः हात लावायचीही सोय नव्हती. "भट्टीवर एकच हात असतो," असं म्हणून ते त्यांना ओव्हनपुढून हळूच बाजूला करत, जसं मांजराला पायाने करतात.

तर बाविसाव्या पावाचा तो कडू घास गिळल्यावर काकूंनी ठरवलं, आता बस्स.

उस्ताद रोज दहा वाजता बादली आणि टॉवेल घेऊन न्हाणीघरात जात आणि गप्पा छाटून पाऊण तासाने येत. त्या दिवशी त्यांची पाठ वळताच काकूंनी कडेचा करपलेला तुकडा फडताळात टाकून त्या पावाचा उरलेला भाग घेतला, त्याच्या पातळ चकत्या पाडल्या आणि ओव्हनच्या जाळीवर एकाला एक लावून अंथरल्या. ज्योत लावली, दार बंद केलं, आणि चार मिनिटांनी सगळी जाळी जशीच्या तशी बाहेर काढली. ओव्हनने आपली कुंडली स्वतःच मांडून दिली होती. मागे डावीकडे काळं, मागे उजवीकडे तांबूस, पुढे दोन्ही कोपरे कोरे. कुणाचा हात भाजला नाही, कुणी आकडे मोजले नाहीत. बावीस पाव या माणसाने मातीत घातले होते, आणि उत्तर चार मिनिटांत!

न्हाणीघराच्या दुरुस्तीला आलेल्या गवंड्याकडून त्यांनी मातीची एक साधी फरशी मागून आणली, झिलई नसलेली. ओव्हनपेक्षा थोडी लहान, म्हणजे कडेने ज्योतीला हवा मिळेल अशी. ज्योतीच्या वर, खालच्या खाचेत गाडीबरोबर आलेली दुसरी जाळी, तिच्यावर ही फरशी. पावाची जाळी एक खाच वर. विटांची भट्टी हवी होती ना यांना? घ्या, एक वीट तरी आली.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी सकाळी पीठ मळलं. ते मळत सुरेख, त्यात वाद नाही. पीठ साच्यात फुगायला ठेवून ते बादली घेऊन निघाले. "मी आल्यावर लावू," म्हणाले. "तू हात लावू नकोस."

काकूंनी मान हलवली आणि ते कोपऱ्यावर वळताच गाडीच्या दाराला आतून कडी घातली.

आधी वीस मिनिटं नुसती फरशी तापू दिली. मग साचा जाळीच्या बरोबर मध्ये ठेवला, दार लावलं आणि समोर स्टूल टाकून बसल्या. घड्याळ मांडीवर. वीस मिनिटं झाली तेव्हा एकदाच दार उघडलं, साचा उलटा फिरवला, मागची बाजू पुढे, आणि तीन आकडे मोजायच्या आत दार बंद. तेवढ्यात गाडीच्या दाराचं हँडल खडखडलं.

"अगं, कडी का घातलीस?"

"पाव भाजतेय."

दारावर थापा. "दार उघड! किती वेळ झाला? मागे लावलायस ना? हात घालून बघितलंस का?"

"नाही."

"अगं, मग कळणार कसं तुला? उघड आधी!"

"कोणतंच दार उघडणार नाही," काकू आतून ओरडल्या. "हेही नाही आणि तेही नाही! गप्प उभे राहा!"

शेजारच्या गाडीतल्या मास्तरीणबाई खुर्ची सरसावून बसल्या. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्गातली भांडणं ऐकायला मिळत नव्हती. उस्ताद अंगावर टॉवेल, हातात बादली, केस निथळताहेत, अशा अवतारात गाडीभोवती फेऱ्या मारू लागले. पुढून आले, मागे गेले, शेवटी शेगडीजवळच्या छोट्या खिडकीशी येऊन थांबले. काकूंना जाळीतून त्यांचं फक्त नाक दिसत होतं.

ते नाक एकदम स्थिर झालं.

"थांब," उस्ताद म्हणाले. आवाज बदलला होता, भट्टीवरचा आवाज. "वास फिरला. काढ आता."

काकूंच्या घड्याळाप्रमाणे अजून तीन मिनिटं होती. त्यांनी दातओठ खाल्ले. पण नाकाशी त्यांचं भांडण नव्हतं. त्यांनी दार उघडलं आणि पाव काढला.

चहूकडून सारखा. वर तांबूस, बाजूंना तांबूस, साच्यातून उपडा केला तर खालीही तांबूस. एक डाग नाही. काकूंनी तो फडक्यावर ठेवला. इतकं सोपं होतं! एक फरशी, एक वळण आणि जरा धीर. एवढ्यासाठी चार महिने. एवढ्यासाठी एक्केचाळीस वर्षं!

त्यांनी कडी काढली. उस्ताद आत आले, बादली कुठे ठेवली त्यांनाही कळलं नाही. त्यांनी पाव फडक्यासकट उचलला, बोटाच्या पेराने खालून टकटक केलं, कानाला लावला. मग ओव्हनपुढे वाकून ती फरशी पाहिली. बराच वेळ पाहिली. सरळ झाले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"माझ्या भट्टीतला वाटतो," ते म्हणाले. "सोळा आणे. मी उगाच... तू सांगत होतीस."

काकूंचा राग एवढ्यानेच विरघळायला लागला. चांगल्या बाईचा हाच घोटाळा असतो. त्यांनी ताटल्या काढल्या, लोण्याचा डबा काढला, सुरी घेतली.

"अगं, अगं, मोडू नकोस!" उस्ताद पटकन म्हणाले आणि पाव छातीशी धरला. "अख्खा उतरलाय. हा मास्तरीणबाईंना देऊन टाकू, केव्हाच्या विचारतायत. आपल्याला कालचा आहेच की."

काकूंच्या हातातली सुरी तशीच राहिली.

त्या माणसाच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. चेष्टाही नव्हती. त्याला आपण काय बोललो हेसुद्धा कळलं नव्हतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. अख्खी गोष्ट दिसली की ती दुसऱ्याची. फुटकी दिसली की घरची.

"ठेवा तो खाली," काकू म्हणाल्या.

"अगं, पण..."

"खाली ठेवा!" खिडकीच्या काचा हादरल्या. बाहेर मास्तरीणबाईंनी खुर्ची जरा जवळ ओढली. "एक्केचाळीस वर्षं मी काळं खाल्लं. पोरीला काळं घातलं. रोज सकाळी तुम्ही विचारायचात कसा झालाय, आणि मी छान म्हणायचे. खोटं! एकदाही छान नव्हता! दीडशे माणसांत माईक धरून शब्द दिलात, पहिला पाव हिचा. आज माझ्या हातचा पहिला निघाला, तर तोही चालला शेजारी! मी कोण आहे हो तुमची? पिशवी? उरलंसुरलं टाकायची?"

उस्तादांनी पाव खाली ठेवला.

काकूंनी सुरी बाजूला फेकली. पाव दोन्ही हातांनी धरला आणि बरोबर मधोमध मोडला. वाफेचा लोट उठला, बोटं पोळली, त्यांनी सोडला नाही. मधला मऊ, पांढरा, चेंडूएवढा गोळा उपसून काढला, सगळ्यात चांगला भाग, जो त्यांनी आयुष्यात कधी गरम पाहिला नव्हता, आणि उभ्याउभ्याच तोंडात घातला. लोणी नाही, ताटली नाही, काही नाही. जीभ भाजली. डोळ्यांतून पाणी आलं, ते कशाचं ते त्यांनी बघितलं नाही.

उस्ताद टॉवेल सावरत टेबलाशी बसले. मोडलेल्या पावाकडे बघत राहिले. मग, सवयीनेच असेल, त्यांनी हळूच विचारलं, "कसा झालाय?"

काकूंनी फडताळ उघडलं. कालच्या पावाचा करपलेला शेवटचा तुकडा तिथे होता. तो त्यांनी ताटलीत घातला आणि ताटली उस्तादांपुढे सरकवली.

"आधी हा खा. आणि तुम्ही मला सांगा."

उस्तादांनी सुरी उचलली आणि काळा भाग खरवडायला घेतला.

"खरवडायचा नाही," काकू म्हणाल्या.

त्यांनी सुरी ठेवली. तुकडा तोंडात घातला. गाडीत फक्त त्याच्या कुरकुरण्याचा आवाज येत होता. उस्तादांनी तो चावला, चावला आणि कसाबसा गिळला.

"कडू आहे," ते म्हणाले.

"आहेच," काकू म्हणाल्या आणि त्यांनी गरम पावाचा आणखी एक तुकडा तोडला, स्वतःसाठी.