एकेचाळिसावा स्लीपर

“मधी बोलू नकासा, वयनी. आकडा चुकंल,” आबा डोळे मिटून चालता चालताच ओरडले.

रविवारची संध्याकाळ, शे-दीडशे माणसं फिरायला आलेली, आणि माझा बाप डोळे मिटून तुरुतुरु निघालेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोल्हापूरच्या जुन्या मालधक्क्यावर आबा, म्हणजे भाऊसो कांबळे, सांधेवाले होते. गुळाच्या ढेपांच्या वाघिणी यायच्या, आबा रूळ बदलून द्यायचे. त्यांचे जोडीदार गुंडूकाका ब्याण्णव साली शंटिंगमध्ये दोन डब्यांच्या मधे सापडून गेले. त्यांच्या बायकोला, तानूकाकूंना, फाटकातून आत कुणी घेतलंच नाही. बाहेरच्या माणसाला यार्डात मज्जाव! “वयनी, जागा तरी दावीन,” असा शब्द आबांनी दिला, आणि त्याला तेरा वर्षं झाली.

आता मालधक्का गावाबाहेर गेला आणि यार्डाभोवतीची काळी भिंत पडली. काकू शेवंतीची फुलं घेऊन आल्या. पण आत बघतो तर काय, रूळच उचललेले! सगळीकडे हिरवळ, बाकडी, भेळेचे गाडे. जुन्या शेडचा चार नंबरचा दरवाजा तेवढा शिल्लक, आणि आत वाचनालय.

“आरं, माझं यार्ड कुटं गेलं?” आबांना दरदरून घाम फुटला. दिलेला शब्द खोटा पडणार होता.

मग त्यांना स्वतःचे पाय आठवले. रुळावरच्या माणसाची चाल रुळाखालच्या आडव्या ओंडक्यांच्या, म्हणजे स्लीपरच्या, मापाची होऊन जाते. बाजारातसुद्धा ते तसेच चालायचे, आई जन्मभर चिडवायची. गुंडूकाका गेले ती जागा म्हणजे चार नंबरच्या दरवाजापासून एकेचाळिसावा स्लीपर, हे ते विसरणं शक्यच नव्हतं.

“चाळीस... येकेचाळीस. हितं, वयनी.”

तिथं सतरंजी पसरून एक कुटुंब भडंग खात बसलं होतं. काकूंनी खाली बघितलंच नाही. त्या वर बघत राहिल्या.

“अगं बया! येवढं आभाळ हाय व्हय हितं? दादा, मला वाटायचं, मानूस कुटंतरी अंधाऱ्या बोळात गेलं.” त्यांचे डोळे वाहत होते आणि मान चौफेर फिरत होती. मीही बघितलं. पार जोतिबाचा डोंगर दिसत होता. आम्ही जन्मभर त्या भिंतीला लागून राहिलो, आणि मला हे ठाऊकच नव्हतं!

“बसा की मावशी, उभं का ऱ्हायलासा?” सतरंजीवरची बाई सरकली. काकूंनी फुलं गवतावर ठेवली आणि बसल्या. बाईनं मूठभर भडंग त्यांच्या हातावर घातलं.

“तुमीबी टेका की, दादा.”

“तीस वर्सं हितं नुस्ता उभाच होतो, वयनी. बसायचं म्हंजे...”

आबांनी चपला काढल्या. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, आणि मगच खाली बसले.