अर्धाच बसलेला कनेक्टर

नव्या फोनला इअरफोनचं भोकच नव्हतं. दुकानातली पोरगी म्हणाली, "आजोबा, आता बिनवायरचेच घ्या की." पण म्हातारा कुरामोची हटून बसला आणि जुन्या इअरफोनसाठी बोटभर लांबीचा कनेक्टर घेऊन आला. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. तिने फोनवर ठेवलेला शेवटचा निरोप तो रोज सकाळी सेंदाई शहराकडे जाणाऱ्या गाडीत हेच इअरफोन घालून ऐकायचा.

आज जाड कव्हरमुळे कनेक्टर अर्धाच बसला. त्याने बटण दाबलं आणि जिथे कुणी खाकरतसुद्धा नाही अशा डब्यात बायकोचा, फुमिएचा आवाज खणखणला, "अहो, येताना टोफू आणा. मऊ बघून आणा, मागच्यासारखा दगड नको."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन छातीशी दाबून तो चहूकडे वाकून माफी मागत राहिला. कुणी मान वर केली नाही.

पुढच्या स्टेशनवर शेजारची बाई उठली. तिला वाटलं, घरी कुणी वाट बघतंय. उतरता उतरता ती हळूच म्हणाली, "मऊच आणा हं, आजोबा."

"हो, मऊच आणतो," तो म्हणाला, पण तोवर दार लागलं होतं.